अण्णांची गाडी आणि शिवकांताचा ऑटो

एप्रिल-मे म्हणजे शिवकांताच्या दुकानाचा हंगाम. निलंग्याच्या बस स्टँडमागच्या गल्लीत तिचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरींचं पाणी तळाला गेलं, व्होल्टेज पडलं की मोटारी जळतात, आणि जळालेल्या मोटारी पिकअपमधून, मोटारसायकलच्या मागं बांधून तिच्या दारात येऊन पडतात. अशा दिवसांत ती दुकान सोडून कुणाच्या लग्नालासुद्धा जात नाही. म्हणून लातूरहून अण्णांचा फोन आला आणि ती "उद्याच येते" म्हणाली, तेव्हा आत खुर्चीवर बसलेले तिचे यजमान, अमरेश, दचकले.

"काय झालं? अण्णांची तब्येत?"

"तब्येत बरी हाय. गाडी बिघडलीय."

"कोणती गाडी?"

"अंगणातली."

अमरेश हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मंग सोबत काय काय नेतीस?" आणि ती सांगत गेली तसं एकेक वस्तू कुठल्या फळीवर, कुठल्या डब्यात आहे ते बसल्या जागेवरून सांगत राहिले. साखरेच्या आजारानं त्यांची नजर जाऊन बारा वर्षं झाली होती, पण दुकान त्यांना अजून पाठ होतं. मोटार सुरू करून जवळ कान नेला की बेअरिंग गेलंय का कॉइल, हे ते आजही सांगत.

अण्णा म्हणजे शिवकांताचे थोरले भाऊ सिद्धेश्वर. तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे. लातूरहून कुर्डुवाडीकडं अडीच फुटी रुळांवरून छोटी गाडी जायची, तिच्यावर ते आधी खलाशी होते, मग गार्ड झाले. त्यांचे वडील मलप्पा जुन्या स्टेशनसमोर कंदील, स्टोव्ह, गॅसबत्त्या दुरुस्त करायचे. शिवकांताचं लहानपण त्या दुकानाच्या उंबऱ्यावर रॉकेलच्या वासात गेलं. सहा-सात वर्षांची असतानाच ती स्टोव्हच्या पिनेनं बर्नर साफ करायची, गॅसबत्तीची जाळी न फाडता बांधायची. दुपारी अण्णांचा डबा घेऊन स्टेशनात जायचं कामही तिचंच. गाडी सुटायच्या आधी गार्डाच्या डब्याच्या पायरीवर बसून अण्णा भाकर खायचे, आणि ती त्यांची शिट्टी गळ्यात घालून खाली उभी राहायची. फुंकायची मात्र परवानगी नव्हती. एकदा तिनं फुंकली होती, तर पाणी भरायला उतरलेली माणसं तांबे तसेच टाकून डब्यात चढली होती. त्यावर अण्णांनी तिला रागावण्याऐवजी पोट धरून हसत पायरीवरून खाली लोळण घेतली होती.

दहावीला तिला चांगले गुण मिळाले. गणितात तर शाळेत दुसरी. तिनं कुठूनसं आयटीआयचं पत्रक आणलं, वायरमनच्या कोर्ससाठी फॉर्म भरला, वडिलांचा अंगठा घेतला आणि अण्णांच्या हातात दिला. ऑफिसात नेऊन द्यायचं काम अण्णांचं होतं. आठ दिवसांनी अण्णा म्हणाले, "तारीख निघून गेली गं." पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं. निलंग्याचे अमरेश, घरचं वाइंडिंगचं दुकान, देव मानणारी माणसं. स्थळ चांगलंच होतं.

पुढं काय झालं ते निलंग्यात सगळ्यांना माहीत आहे. सासरी आल्यावर वर्षभरात ती स्वयंपाकघरातून दुकानात यायला लागली. आधी तांब्याच्या तारेची रिळं सोडून द्यायला, मग स्लॉटमध्ये कागद बसवायला. अमरेशनीच एके दिवशी तिच्या हातात कॉइलचा साचा दिला. "तुझी बोटं माझ्यापेक्षा बारीक हायत, तूच बघ," म्हणाले. शेतकरी सुरुवातीला दारातूनच विचारायचे, "मिस्त्री कुठं गेले?" ती म्हणायची, "मिस्त्री हितंच हाय, मोटार खाली ठेवा." दहा वर्षांनी ते विचारणं बंद झालं. अमरेशची नजर गेली तेव्हा दुकान एक दिवससुद्धा बंद ठेवावं लागलं नाही.

तर अशी ही शिवकांता, एकसष्ट वर्षांची, सकाळच्या पहिल्या एसटीनं एक पिशवी मांडीवर घेऊन लातूरला निघाली. पिशवीत दोन रिले, एक टायमर, डझनभर डायोड, सोल्डरची इस्त्री, मीटर, करवतीचं पातं आणि वैनीसाठी पावशेर धारवाडी पेढे.

अण्णांचं घर जुन्या स्टेशनापासून फार लांब नाही. तिथं आता स्टेशनही नाही आणि रूळही नाहीत. मोठी गाडी आली आणि तिनं आपलं स्टेशन गावाबाहेर नेलं. अण्णांनी शेवटची दोन-तीन वर्षं मोठ्या गाडीवर काढली आणि निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी घराच्या अंगणात ही गाडी बांधायला घेतली.

अंगण म्हणजे काय, पुढच्या ओसरीपासून घराच्या कडेकडेनं मागच्या न्हाणीपर्यंत गेलेली चार हात रुंदीची पट्टी. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला कंपाउंड, मध्ये मोगरा, कढीपत्ता, दोन पपया आणि ओसरीजवळ एक लिंबाचं झाड. त्या झाडांच्या मधून साठ-पासष्ट फूट लांबीचे रूळ. खिडक्यांना लावतात त्या अॅल्युमिनिअमच्या पट्ट्या उभ्या करून सागवानी तुकड्यांवर ठोकलेल्या. इंजिनाची चाकं एमआयडीसीतल्या एका लेथवर कातून घेतलेली, मोटार जुन्या प्रिंटरची, टप पत्र्याचा. मागं दोन डबे आणि एक गार्डाचा डबा, त्याला छोटी पायरीसुद्धा. ओसरीकडच्या टोकाला पांढऱ्या रंगात 'लातूर' लिहिलेली पाटी आणि मागं न्हाणीपाशी 'ढोकी'.

"मधली स्टेशनं कुठं गेली?" तिनं पूर्वी एकदा विचारलं होतं.

"एक्स्प्रेस हाय," अण्णा म्हणाले होते.

बांधायला त्यांना तीन वर्षं लागली. एका रुळातून प्लस, दुसऱ्यातून मायनस. ओसरीवर एक आडवा-उभा होणारा स्विच, तो फिरवला की प्लस-मायनस उलटे होतात आणि गाडी मागं फिरते. मग दोन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. बोलणं परत आलं, चालणं काठीवर आलं, उजवा हात मात्र अर्धाच परत आला. ते ओसरीवर खुर्चीत बसून डाव्या हातानं गाडी चालवायचे. पण घराच्या कोपऱ्यापलीकडं गेलेली गाडी त्यांना दिसायची नाही. अंदाजानं स्विच फिरवायचा. अंदाज चुकला की गाडी टोकाच्या विटेवर चढून उलटी पडायची, आणि मागच्या दारात भाजी निवडत बसलेल्या नागम्मावैनींना दुखऱ्या गुडघ्यांवर हात देत उठून ती सरळ करावी लागायची. दिवसातून चार-पाच वेळा. परवा वैनींनी गाडी उचलली ती सरळ ओसरीवर आणून अण्णांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "साकु. बास झालं आता. उद्या भंगारवाला आला की देऊन टाकते."

त्यावर अण्णांनी बहिणीला फोन केला होता.

शिवकांता पोचली तेव्हा अण्णा फाटकापाशी काठी टेकून उभेच होते. वाळलेले, पण दाढी केलेली, कपाळावर ताजं भस्म.

"शिवू, आपोआप मागं फिरंल असं करता येतं का? मला हात लावायची गरज न्हाई पडली पाहिजे."

"येतं की. शेतातल्या मोटारीला ऑटो बसवतो न्हाई का आपण, लाइट आली की आपोआप चालू? तसाच ऑटो बसवू."

"पर हिला थांबायचं बी कळाया पाहिजे."

"कळंल. आधी च्या तर पिऊ द्या."

चहा झाल्यावर तिनं पदर खोचला आणि रुळाच्या कडेनं गुडघ्यांवर चालत टोकापासून टोकापर्यंत पाहणी केली. दोन्ही टोकांना, विटेपासून दोन हात अलीकडं, तिनं एका रुळाला करवतीनं चीर पाडली.

"अगं, रूळ कापायलीस तू!" अण्णा ओरडले.

"कापल्याबिगर कसं थांबंल? हे बघा." तिनं एक डायोड त्यांच्या तळहातावर ठेवला. डाळीच्या दाण्याएवढं काळं नळकांडं, एका टोकाला पांढरी रेघ. "ह्यातून करंट एकाच बाजूनं जातो. ह्या चिरेवर हा जोडला की गाडी पलीकडं गेली की तिचा करंट तुटतो, ती जागीच थांबती. मंग रिलेनं, म्हंजे आपोआप फिरणाऱ्या स्विचनं, प्लस-मायनस उलटं केलं की ह्याच डायोडातून करंट मिळतो आन् ती माघारी निघती."

अण्णांनी डायोड डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "म्हंजे आत जाताना सिग्नल लाल, बाहेर निघताना हिरवा."

"हाव. तसंच."

"मंग असं सांग की. करंट-बिरंट कशाला सांगायलीस."

त्यांना काम द्यावं म्हणून तिनं वायर धरायला दिली. डाव्या हातानं ते वायर ताणून धरायचे, ती खाली बसून सोल्डर मारायची. कढीपत्त्याच्या वासात सोल्डरचा धूर मिसळत होता. मागच्या दारातून वैनी अधूनमधून डोकावून जात होत्या. मग अण्णाच एकदम म्हणाले, "शिवू, तुझा तो फॉर्म."

तिचा हात थांबला नाही.

"तारीख उगंच निघून गेली न्हवती," अण्णा म्हणाले. "माझ्या पेटीतच व्हता. झेंड्यांच्या खाली. चार खेपा कुर्डुवाडीला जाऊन आला माझ्यासंगं. दर खेपेला वाटायचं, आज देतो. मंग वाटायचं, आयटीआयमधी सगळी पोरंच, लोक काय म्हनतील, हिचं लग्न कसं जमंल. शेवटी तारीख गेली तवा मला बरंच वाटलं, आता ठरवायची गरज न्हाई म्हनून."

"मला म्हाईत हाय, अण्णा."

"कसं?"

"वैनीनं सांगितलं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला. पेटी झाडताना त्यांना सापडला व्हता."

अण्णांच्या हातातली वायर सैल पडली. "मंग कवा बोलली न्हाईस?"

"बोलले न्हाई, पर दोन पंचम्या माहेरी आले न्हवते ते आठवतंय का? तुम्ही न्यायला आलता. मी म्हनलं, दुकानात काम हाय."

"मला वाटलं, खरंच काम असंल."

"काम बी व्हतं. राग बी लई व्हता." तिनं सोल्डरवर फुंकर घातली. "तुमच्यावर न्हवता तेवढा माझ्यावरच व्हता. मीच का गेले न्हाई ऑफिसात? पाच मिनिटांची वाट व्हती. अण्णानं द्यायचा म्हनून गपचूप बसले. आता जरा ताणून धरा ती वायर, ढिली सोडू नका."

अण्णांनी वायर ताणून धरली. मग ते म्हणाले, "तू फुंकलेली शिट्टी आठवती का? तांबे टाकून पळालेली मानसं?" आणि दोघंही हसायला लागली. झटक्यानंतरचं अण्णांचं एका गालानं हसणं अजून तिला सवयीचं झालं नव्हतं. तिनं पटकन मान खाली घातली.

अकराच्या सुमाराला सगळं जोडून झालं. ओसरीवरच्या जुन्या स्विचच्या जागी एक लाकडी डबी आली, तिच्यात रिले आणि टायमर. तिनं टायमर दीड मिनिटावर लावला: गाडीला एका टोकाहून दुसरीकडं जायला पाऊण मिनिट, बाकीचा वेळ थांबा. बटण दाबलं. इंजिन हललं, लिंबाखालून, मोगऱ्याच्या कडेनं कोपऱ्यापलीकडं गेलं. अण्णा कान देऊन बसले. चाकांचा आवाज थांबला. मागून वैनींची हाक आली, "थांबली गं!" आणि थोड्या वेळानं डबीत 'टक्' झालं, चाकांचा आवाज परत सुरू झाला, आणि कोपऱ्यावरून गार्डाचा डबा पुढं करून गाडी घरी परत आली. लातूरच्या पाटीपाशी येऊन गप्प उभी राहिली.

अण्णांनी काहीच केलं नव्हतं. ते डाव्या हाताची मूठ मांडीवर ठेवून बघत होते. पाच खेपा झाल्या, दहा झाल्या. जेवायला बसेपर्यंत गाडी येत-जात राहिली.

जेवणात वरण, भाकर, अंबाडीची भाजी. शिवकांताचा दुसरा घास तोंडात होता तोच मागून धाडकन आवाज आला. वैनी म्हणाल्या, "अय्यो, झालं सुरू!"

गाडी ढोकीच्या विटेवर जाऊन आदळली होती, पुढचं चाक हवेत फिरत होतं. शिवकांतानं ती सरळ केली. पुढची खेपही आदळली. लातूरच्या टोकाला मात्र गाडी शहाण्यासारखी थांबत होती. तिनं डायोड तपासला, चांगला होता. तरी बदलला. रिले तपासला, टायमर तपासला, सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले. डोक्यावर ऊन तापलेलं, घामानं चष्मा घसरत होता. मीटर लावलं तर चिरेच्या दोन्ही बाजूंना करंट येताना दिसत होता, जणू चीर नव्हतीच. चाळीस वर्षं मोटारी बांधणाऱ्या बाईला एवढासा बिघाड सापडेना. सकाळी चालत होतं आणि दुपारी चालत नाही, याचा अर्थ तिला एकच माहीत होता: कुठंतरी काहीतरी तापतंय. पण तापून बिघडेल असं त्या डबीत काहीच तापलेलं नव्हतं.

ती अर्धा-पाऊण तास अशी बसलेली पाहून अण्णा काठी टेकत मागं आले. न्हाणीच्या कट्ट्यावर बसले. रुळाकडं बघत राहिले. मग काठीचं टोक चिरेवर ठेवून म्हणाले, "ही फट कुठं गेली?"

शिवकांता वाकली. सकाळी करवतीनं पाडलेली, नखभर रुंदीची चीर मिटली होती. दोन पट्ट्या एकमेकींना घट्ट भिडल्या होत्या.

"रूळ वाढला," अण्णा म्हणाले. "उन्हाळ्यात वाढतो. आमच्या लायनीवर मे महिन्यात गँगमन नुस्ते सांधेच बघत फिरायचे. फट बुजली आन् वर ऊन तापलं की रूळ सापावानी वाकडा व्हतो. आदी रूळ अख्खा व्हता, वाढला की वीटच मागं ढकलायचा. आता तू मधी कापलंस आन् पलीकडं वीट हाय. मंग जाईल कुठं?"

"अन् लातूरला का न्हाई बिघडलं?"

"तिथं लिंबाची सावली हाय की."

तिनं त्या रुळाला बोट लावलं आणि चटका बसून पटकन मागं घेतलं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी आपण डायोड बदलत बसलो याची तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त, फार फार बरं वाटलं. अण्णांचा आवाज बदलला होता. झटक्यानंतर ते बोलताना शब्द शोधत बोलायचे. आता शोधत नव्हते.

"मंग काय करायचं, गार्डसाहेब?"

"फट रुंद कर. मधी कायतरी करंट न जानारं घाल, म्हंजे चाक बी आपटायचं न्हाई. आन् शेवटच्या तुकड्याचे स्क्रू ढिले सोड. वीट चार बोटं मागं सरकव. वाढू दे त्येला वाढायचं तेवढं."

तिनं तसंच केलं. फटीत घालायला स्विचबोर्डाच्या मागं असतो तो तपकिरी हायलमचा तुकडा कापून घासून बसवला. अण्णा कट्ट्यावरून सूचना देत होते, "जरा डावीकडं, अजून एक सूत," आणि ती निमूट ऐकत होती. साडेतीनला, ऊन सगळ्यात कडक असताना, गाडी ढोकीला विटेच्या हातभर अलीकडं येऊन थांबली. नंतरच्या वीस खेपांत एकदाही आदळली नाही.

शिवकांताचा विचार चारच्या एसटीनं परत जायचा होता. पण वैनींनी राहायला लावलं, आणि बरं झालं लावलं ते. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जे पाहिलं ते एरवी दिसलंच नसतं.

सकाळी अण्णा ओसरीवर, वैनी मागच्या दारात. ही त्या दोघांची रोजची जागा. एरवी वैनी आतून फेरी मारून त्यांना चहा, गोळ्या नेऊन द्यायच्या. आज त्यांनी हौसेनं ठरवलं की चहाचा छोटा पेला गाडीतून पाठवायचा. मधल्या डब्याचं छत अण्णांनी काढून ठेवलं होतंच. गाडी ढोकीला आली. वैनी चुलीकडं वळल्या, चहा गाळला, पेला घेऊन गुडघा धरत वाकल्या, आणि डबीत 'टक्' झालं. गाडी निघाली. पेला वैनींच्या हातातच राहिला. पुढच्या खेपेला त्या आधीच पेला घेऊन बसल्या, तर चहा निवला. तिसऱ्या खेपेला घाईत अर्धा चहा रुळावर सांडला.

"ही गाडी थांबतच न्हाई गं माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण शिवकांता त्यांच्याकडं बघत राहिली. नागम्मावैनी बीदरकडून लग्न होऊन आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. अण्णांची गाडी संध्याकाळी यायची ती कधी उशिरा, कधी दुसऱ्या दिवशी. त्यांचं आयुष्य ताट झाकून ठेवण्यात गेलं. शिवकांता लहान होती, ती वैनींच्या शेजारी पाटावर बसून लांबची शिट्टी ऐकायला कान लावायची. शिट्टी वाजली की वैनी आधी पदर सारखा करायच्या आणि मगच उठायच्या.

"वैनी, जरा थांबा," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल तवाच निघंल असं करते."

तिनं शेजारच्या पोराला बाजारात पाठवून एक साधं बेलचं बटण मागवलं आणि डबी पुन्हा उघडली. हे तर तिच्या रोजच्या कामातलं होतं. स्टार्टरचं हिरवं बटण एकदा दाबलं की मोटार चालू राहते, तसंच: बटण दाबून सोडलं तरी रिले धरूनच राहणार, गाडी लातूरला जाऊन उभी राहणार, तिथं ठरलेला वेळ थांबली की टायमर रिले सोडणार, आणि गाडी आपोआप ढोकीला परत येऊन उभी राहणार. पुढं ती तिथंच थांबेल, वैनी पुन्हा बटण दाबेपर्यंत. मग पाच मिनिटं होवोत नाही तर पाच तास. एक लांब वायर भिंतीच्या कडेनं मागं नेऊन तिनं बटण दाराच्या चौकटीला, वैनींना बसल्या जागी हात पोचेल अशा उंचीवर ठोकलं.

अण्णांना तिनं हे सांगितलं तेव्हा त्यांनी ओसरीवरच्या डबीवर डावा हात फिरवला. तिला वाटलं, चुकलंच आपलं. गाडी त्यांची, तीन वर्षं खपून बांधलेली, आणि आपण ती त्यांच्या हातून काढून घेतली.

"म्हंजे माझ्या हातात कायच न्हाई?"

"तुम्हीच म्हनला व्हतात, हात लावायची गरज पडली न्हाई पाहिजे."

"म्हनलो व्हतो खरं." त्यांनी काठीची मूठ चोळली. "लाइन क्लिअर ढोकीवाल्यानंच द्यायचा असतो म्हना. ती न्हाई म्हनली तर लातूरच्या गार्डाचा बाप आला तरी गाडी हलत न्हाई." मग मागच्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "नागम्मा, सोड गं गाडी!"

मागून उत्तर आलं नाही. गाडीही आली नाही. दोन मिनिटं गेली, पाच गेली. अण्णा अस्वस्थ व्हायला लागले. शिवकांता उठून बघायला निघाली तर त्यांनी हातानंच थांबवलं. मग डबीत 'टक्' झालं आणि कोपऱ्यावरून गाडी आली. मधल्या डब्यात वाफाळता पेला, एक थेंब न सांडलेला, आणि गार्डाच्या डब्यात कागदात गुंडाळलेला धारवाडी पेढा.

अण्णांनी पेला उचलला. "उशीर केलास," ते मागच्या दिशेनं म्हणाले.

"आलं किसत व्हते," वैनी तिकडून म्हणाल्या. "बसा की वाट बघत जरा."

शिवकांता दुपारच्या एसटीनं निलंग्याला परतली. दुकानात सहा मोटारी वाढल्या होत्या. अमरेशनी सगळं सविस्तर विचारून घेतलं, फटीचा प्रकार ऐकून मांडीवर थाप मारली, आणि "ह्ये मला बी सुचलं नसतं," म्हणाले.

त्यानंतर अण्णांचा फोन आठवड्यातून दोनदा यायला लागला. पूर्वी तब्येतीचं बोलून झालं की ठेवायचे. आता फोन लावला की पहिलं वाक्य गाडीचं असतं. गोकुळाष्टमीच्या सुमाराला एक दिवस असाच सकाळी फोन आला. पावसानं बटणाची वायर कुठंतरी खराब झाली होती, गाडी ढोकीला अडकून पडली होती. शिवकांता म्हणाली, रविवारी येते.

"येऊ नको," अण्णा म्हणाले. "तू नुस्तं सांग. मी करतो."

"अण्णा, एका हातानं…"

"नागम्मा हाय की धरायला."

मग तिनं फोन कानाला लावून सांगायला सुरुवात केली: मेन बंद करा, मी ठेवलेल्या मीटरची लाल वायर इथं लावा, काळी तिथं. पलीकडून अण्णांचा श्वास, वैनींचं "इथं का? इथं?", मध्येच काहीतरी खाली पडल्याचा आवाज, दोघांची बारीकशी बाचाबाची. मोटार घेऊन आलेला एक शेतकरी समोर ताटकळत उभा होता. त्याला तिनं हातानं बसायची खूण केली. पाऊण तास लागला. वायर दाराच्या चौकटीपाशीच तुटलेली निघाली. अण्णांनी तिची टोकं दातांनी सोलली, वैनींनी पीळ घातला, वर टेप गुंडाळली.

"आता मेन चालू करा आन् बटण दाबा," शिवकांता म्हणाली.

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग फोनमधून, लांबून, चाकांची खडखड आली आणि हळूहळू बारीक होत गेली. "गेली," अण्णा म्हणाले. "गेली बघ लातूरला. आता ठेवतो, पुढं जाऊन बघायला पाहिजे," आणि काठीची टकटक करत ते निघाले. फोन बंद करायचा मात्र विसरले. ती टकटक ओसरीपर्यंत जाईपर्यंत शिवकांता तशीच फोन धरून उभी राहिली. मग समोरच्या शेतकऱ्याकडं वळून म्हणाली, "हं, काय झालंय मोटारीला?"